ऑक्टोबरात ठाण्यात पानं गळत नाहीत

गेल्या ऑक्टोबरात नातीच्या वहीत मेपलचं पान चिकटवलेलं दिसलं. लाल-केशरी, टोकदार, चकचकीत कागदातून कापलेलं, आणि खाली वळणदार अक्षरांत ‘ऑटम’. विचारलं, ‘‘अगं, हे पान कुठं बघितलंस तू?’’ तर म्हणाली, ‘‘आजी, ते बघायचं नसतं. चिकटवायचं असतं.’’

तिसरीतली पोर. आपल्या शाळांत ऋतू कसे शिकवतात याचा निकाल तिनं दोन वाक्यांत लावला. बाहेर ऑक्टोबर हीट रंगात आली होती, पंखा पाचवर ठेवूनही मान चिकचिकत होती. तिच्या शाळेच्या फाटकाशी देशी बदामाचं झाड आहे. त्याची वीतभर लांबीची पानं त्या दिवशी हिरवीगार होती. ते झाड लाल होतं जानेवारीत. आधी एखादंच पान तांबूस होतं, मग बघता बघता अख्खी फांदी पेटल्यासारखी दिसते आणि पानं टपटप खाली येतात. शाळेच्या मावशी ती रोज सकाळी मुलं यायच्या आत झाडून पोत्यात भरतात. म्हणजे ऑक्टोबरात नसलेली पानगळ स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणायची, आणि जानेवारीतली खरी पानगळ कचरा म्हणून उचलून टाकायची!

हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीये. एकोणतीस वर्षं मी ठाण्यात पहिली ते चौथीची बाई होते, मराठी माध्यमाची. ‘पावसाळा’ म्हटलं की माझ्याकडे एक ठरलेला तक्ता असायचा: छत्री, बेडूक, मोर, इंद्रधनुष्य, कागदी होडी. तो मी निदान पंधरा वर्षं त्याच खिळ्याला टांगला. बाहेर धो धो कोसळत असायचं, छपराचा आवाज इतका की माझाच आवाज मला ऐकू यायचा नाही, आणि मी छडीनं तक्त्यावरच्या निळ्या रेघा दाखवत विचारायची, ‘‘सांगा बरं, हा कोणता ऋतू?’’ आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मला ते शिकवणंच वाटायचं.

आपल्या मुलांच्या वाट्याला ऋतू तरी किती यावेत? मराठी पुस्तकात तीन. आजीच्या पंचांगात सहा. इंग्रजी वर्कशीटवर चार, त्यातल्या एकात बर्फाचा बाहुला. सगळे मिळून तेरा झाले, आणि या तेरांतला एकही मुलानं स्वतः पाहून वहीत लिहिलेला नसतो. चारवाला हिशेब थंड मुलखात बरोबरच आहे. तिथं वर्षाचे तुकडे थंडी पाडते, इथं पाऊस पाडतो. ठाणे एकोणीस अंश अक्षांशावर आहे. आपल्याकडे वर्षभरातल्या पावसाचा नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने आपण त्याच पाण्यावर काढतो. म्हणूनच तिकडची झाडं थंडीला भिऊन पानं टाकतात आणि आपली झाडं जमिनीतली ओल आटत चालली की. येऊरच्या डोंगरात फेब्रुवारी-मार्चला जाऊन बघा. निष्पर्ण काटेसावर आणि पांगारा लाल फुलांनी भरलेले असतात, पायाखाली पाचोळा करकरत असतो. एकाच गोष्टीला दोन जागी दोन वेगळी कारणं असू शकतात, हे चौथीच्या मुलाला कळतं. मेपलचं पान बदामाच्या पानाशेजारी चिकटवलं असतं तर त्या वहीतून खरं विज्ञान निघालं असतं. माझं भांडण मेपलशी नाही, बदामाला वहीत जागा नाही याच्याशी आहे.

आमचा गोंधळ एका शब्दात आहे: ‘साजरा’. शाळेत ऋतू साजरा होतो. रात्री नऊला पालकांच्या ग्रुपवर निरोप येतो: उद्या ‘रेनी डे ॲक्टिव्हिटी’, निळे कपडे, छोटी छत्री, रंगीत होडी. मग बाप दुकान बंद व्हायच्या आत धावतो. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला शाळेचं वर्षाचं वेळापत्रक तोंडपाठ आहे, तो तयार होड्या गल्ल्याशेजारीच ठेवतो. कागदी होडी विकत मिळते, हे मला अजून पचलेलं नाही. सकाळी मुलं निळी होऊन जातात, फोटो निघतात, फोटो ग्रुपवर येतात, पावसाळा संपतो. तारीख असते १२ जुलै वगैरे. खरा पाऊस अजून तीन महिने पडायचा असतो. त्याच्याकडे मग कुणी बघत नाही. ट्रॅफिकची चिंता करायला लागली की तेवढं बघतात.

मराठी शाळांचं वेगळं आहे असंही नाही. आमच्याकडे ऋतूच्या जागी सण बसला. आषाढात दिंडी, श्रावणात राखी, हस्ताच्या सुमारास भोंडला. यातलं काही बंद करा असं मी म्हणणार नाही. भोंडल्याची खिरापत ओळखताना मुलींच्या डोळ्यांत जी चमक येते ती कुठल्याही वर्कशीटनं आणून दाखवावी. पण पाटावर हत्ती का काढायचा, हस्त म्हणजे कोण, तो नेमका सप्टेंबरच्या अखेरीसच का येतो, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. विठोबा-रखुमाईचे फेटे नीट बसलेत ना, यातच तास जातो.

सणातून ऋतूकडे जाता येतं, हे मला एका मुलानं शिकवलं. तो मुंब्र्याहून यायचा. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यानं विचारलं, ‘‘बाई, तुमची दिवाळी दरवर्षी याच टायमाला. आमची ईद कधी पावसात, कधी उन्हात. असं का?’’ मला झटकन उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हिशेब मांडला. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, वर्षाला अकरा दिवसांचा फरक. हिजरी कॅलेंडर तो फरक भरून काढत नाही, म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पंचांग मात्र साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून गाडी रुळावर आणतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तो याच हिशेबानं. वजाबाकी, भागाकार, चंद्र, सूर्य आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाचा सण, सगळं एकाच तासात झालं. त्या तासाला मी काहीही ‘साजरं’ केलं नव्हतं.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या काही वर्षांत मी तक्ता काढून ठेवला आणि बाटली लावली. तळापासून वरपर्यंत सरळ असलेली प्लास्टिकची बाटली घ्यायची, मानेखाली कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळाला फुगवटा असतो म्हणून तिथं खडे घालायचे, खडे बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि त्या रेषेवर शून्य. बाहेरून पट्टी चिकटवली की झालं पर्जन्यमापक. गच्चीच्या कठड्यावर विटांमध्ये बसवला. रोज सकाळी परिपाठ झाला की दोन मुलं जाऊन मिलिमीटर बघून येत आणि पाणी काढून टाकत. फळ्याच्या कोपऱ्यात आकडा. पहिला आठवडा नवलाईत गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलं कंटाळली, मीही कंटाळले. तिसऱ्या आठवड्यात मात्र गंमत झाली. एका सकाळी आकडा आला ११०. मुलं खूष, विक्रम झाला! पण चरईतली एक मुलगी म्हणाली, ‘‘आमच्याकडे रात्री पाऊसच नव्हता. आईनं कपडे बाहेर ठेवले होते.’’ मग कोलबाडचा एक म्हणाला, आमच्याकडे पण नव्हता. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच पोराकडे वळल्या. त्यानं नळाचं पाणी ओतलं होतं. कारण? शेजारच्या तुकडीनंही बाटली लावली होती आणि त्यांचा आकडा आमच्यापेक्षा पुढे चालला होता.

मी त्याला रागावले नाही. खरं तर मी आजही त्याची ऋणी आहे. पुरावा म्हणजे काय, एका ठिकाणचं माप दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टीशी ताडून बघणं म्हणजे काय, हे त्या दिवशी वर्गाला कळलं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं. पुढे आम्ही छपराचं गणित केलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. वर्ग सहा मीटर बाय पाच, म्हणजे तीस चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एकट्या आमच्या छपरावर तीन हजार लिटर! पोरं उठून खिडकीशी गेली, पन्हळीतून पडणारं पाणी बघायला. मग २६ जुलै २००५ चा आकडा सांगितला: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. वर्ग गप्प झाला. आकडा बातमीत ऐकणं आणि महिनाभर बाटली मोजल्यावर ऐकणं, यात किती फरक असतो तो त्या शांततेत होता.

आता तर रोज नोंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मुंबईत मान्सून पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन थडकला. शाळा उघडल्या तेव्हा पाऊस जुना झाला होता. ‘जून आला, पाऊस आला, शाळा सुरू झाली’ हे आमच्या पिढीचं निबंधातलं वाक्य यापुढे दरवर्षी खरं ठरेलच असं नाही. ऋतू सरकतोय की एखादंच वर्ष वेगळं होतं, हे एका वर्षाच्या साजरेपणातून कधीच कळणार नाही. त्याला दहा वर्षांच्या वह्या लागतील. एका शाळेत चौथीनं पुढच्या चौथीला सोपवलेल्या.

आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते मीच घेत असे. पहिला, वेळ नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान दोनशे दिवस आणि आठशे तास शिकवायचं असतं. आठवड्याला अर्धा तास धरला तर चाळीस आठवड्यांचे वीस तास होतात, म्हणजे अडीच टक्के. माझ्या शाळेत गॅदरिंगच्या तालमीला याहून जास्त तास जायचे. दुसरा आक्षेप, अभ्यासक्रमात कुठे आहे? अहो, तिसरीपासून पुस्तकाचं नावच ‘परिसर अभ्यास’ आहे. परिसराचा अभ्यास फाटकाच्या आत बसून, परिसराचं चित्र बघून करायचा, हे आपण ठरवलं, पुस्तकानं नाही. तिसरा आक्षेप पालकांचा. मुलं भिजतील, आजारी पडतील. यात तथ्य आहे. साचलेल्या पाण्यात पाय घालू नये, लेप्टोच्या तापाचा धोका खरा आहे. पण कठड्यावरची बाटली बघायला चिखलात उतरावं लागत नाही.

चौथा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. शिक्षकांचं कंबरडं आधीच मोडलंय. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या. त्यात ‘ऋतू उपक्रम’ म्हणून आणखी एक रकाना आला, फोटो अपलोड करा म्हणून सक्ती आली, की बाटलीतही नळाचंच पाणी येणार, आणि या वेळी ते बाई स्वतः ओततील. म्हणून माझी पहिली मागणी उलटी आहे. यावर परिपत्रक काढू नका. अहवाल मागू नका. शाळांनी ऋतूच्या नावावर होणारे रंगांचे दिवस आणि घरी करून आणायचे ‘क्राफ्ट’ तेवढे बंद करावेत. वेळ त्यातूनच निघेल.

दुसरी मागणी फाटक उघडण्याची. ठाण्यात मृगाच्या आगेमागे जांभळी नाक्याच्या बाजारात फेरी मारली तर रस्त्याकडेला शेवळं ही रानभाजी घेऊन बसलेल्या बायका दिसतात. त्यांच्या पुढ्यात शेवळांसोबत काकडं, ती हिरवी आंबट रानफळं, असतातच. कारण शेवळाला खाज असते, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि काकडाचा आंबटपणा ती खाज मारतो. पुढे टाकळा, फोडशी, मग करटोली. कुठली भाजी कधी येते, कुठे उगवते, किती दिवस टिकते, हे त्या भाजीवालीला विचारायला मुलांना घेऊन गेलं तर त्या तासाला शिक्षिका ती असेल आणि बाई विद्यार्थिनी. मला हे फार आवडतं.

किंवा खाडी घ्या. नवी मुंबईत भिंतीभिंतींवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, रंगवलेत. ठाणे खाडीतलं त्यांचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तरी सहली जातात वॉटर पार्कला. समजा एखादी शाळा नेतेही खाडीवर, तर जानेवारीत एकदा. माझं म्हणणं, दोनदा न्या. सप्टेंबरात न्या, तेव्हा चिखल रिकामा असेल. मुलं वैतागतील, ‘काहीच नाही’ म्हणतील. त्यांना ते वहीत लिहू द्या: काहीच नाही. मग जानेवारीत न्या. रिकामा चिखल पाहिल्याशिवाय गुलाबी चिखलाला अर्थ येत नाही. आणि काहीच खर्च करायचा नसेल तर मैदानात मीटरभर काठी उभी करा. २२ डिसेंबरला भर दुपारी तिची सावली साधारण ९२ सेंटिमीटर भरते. भर दुपार म्हणजे बारा नव्हे बरं का, साडेबाराच्या पुढे पाच-सहा मिनिटं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि सूर्य ठाण्याला उशिरा पोचतो. सावली पार नाहीशी होण्याचे दोन दिवस येतात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. पहिला सुट्टीत जातो, दुसरा ढगात. निसर्गालाही शाळेचं वेळापत्रक कुणीतरी पाठवायला हवं होतं.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवाव्यात. १९४५ मध्ये बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना तिथली. हाताशी असतील ती पानं, बिया, खडे हीच साधनं. ऋतू मुलाच्या जगण्यात किती खोल असतो हे त्यांना दिसलं होतं.

आम्हाला ते दिसायला वर्गात एक मुलगी यावी लागली. आई-बाप वीटभट्टीवर जाणारे, नाव पटावर जूनपासून, बाक रिकामं दिवाळीनंतर. मध्येच एक वर्ष काकाकडे राहिली म्हणून सलग आली. मी फळ्यावर लिहीत होते, ‘ऋतू तीन’. ती म्हणाली, ‘‘दोन, बाई. एक गावाचा, एक भट्टीचा.’’ पावसात कच्ची वीट टिकत नाही, म्हणून भट्टी बंद आणि गाव चालू. आवणी झाली, भात कापलं, की गाव बंद आणि भट्टी चालू. एवढा अचूक मान्सून माझ्या तक्त्यात नव्हता. अशा मुलांसाठी याच जिल्ह्यात नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे तिथल्याच झोपडीतल्या शाळा, चालल्या. आज शहरातल्या शाळांत बांधकामावरच्या मजुरांची मुलं असतात, तीही अशीच हंगामानं येतात-जातात, आणि आम्ही त्यांना ‘अनियमित’ म्हणतो. पावसाळ्याच्या तासाला ज्या मुलाच्या घरात आदल्या रात्री गुडघाभर पाणी शिरलं होतं, त्यालाही आम्ही छत्री रंगवायला देतो.

नातीच्या शाळेत मी परवा जाऊन आले. म्हटलं, जूनपासून दर सोमवारी येईन, फुकट येईन, तिसरीच्या मुलांबरोबर बाटली लावीन. ऑफिसातल्या मॅडम छान बोलल्या. म्हणाल्या, जरूर या आजी, फक्त हा ॲक्टिव्हिटीचा फॉर्म भरून द्या. उपक्रमाचं नाव या ओळीवर मी लिहिलं: पाऊस. साहित्य: एक बाटली. खाली दिनांक. लिहायला घेतलं, ‘१५ जून ते १५ ऑक्टोबर’, तर ते मावेना. तिथं एकाच तारखेपुरता चौकोन होता. फॉर्म अजून माझ्या पर्समध्ये आहे.